अक्का, हार्मोनची गोळी घेऊ का व्हिटॅमिनचा डबा?

"अक्का, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, वय ४२. दहा-बारा सीझन ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेय. ३३व्या वर्षी अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं म्हणून दाखवलं तर डॉक्टर म्हणले पिशवी खराब झाली, नाही काढली तर पुढं कॅन्सर होईल. काढली. नंतर कळलं की अंडाशय पण काढलेत. तेव्हापासून अंगातून वाफा निघतेत, रात्री घामानं पांघरूण भिजतंय, झोप नाही, हाडं ठणकतेत. आता लातूरच्या एका डॉक्टर बाईनी हार्मोनची गोळी लिहून दिलीय. जाऊबाई म्हणते त्या गोळीनं छातीचा कॅन्सर होतो, आणि माझी मावशी त्यानंच ६२व्या वर्षी गेली. भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, अमेरिकेतल्या मॅन्सन म्हणून शास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी म्हणे सिद्ध केलंय की हार्मोन विष आहे आणि व्हिटॅमिन डी घेतलं की कॅन्सर होतच नाही. भाचा एका कंपनीच्या साखळीत आहे, महिन्याला ४,२०० रुपयांचा डबा घ्या म्हणतो. दोन महिने घेतला, मालक पण त्यातल्या गोळ्या खातेत, ते बिडी ओढतेत. सगळे पैसे उचलीतले. घेऊ का बंद करू? पोरगी १३ची आहे, तिला तरी माझ्यासारखं होऊ नये."

बाई, तुझं पत्र परत परत वाचलं. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं आपल्या मराठवाड्यातच सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलीत, त्यामुळे जे लिहिते ते वाचून, बघून आणि शहानिशा करून लिहिते, पण तुझी गोळी चालू करायची का नाही हे शेवटी तुला तपासणाऱ्या डॉक्टरनीच ठरवायचं.

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मागून सांगते. डबा आजपासून बंद कर, आणि मालकांचा तर तुझ्याही आधी बंद कर. हार्मोनची गोळी मात्र जाऊबाई म्हणली म्हणून फेकू नकोस, लातूरच्या बाईंना परत एकदा भेट, काय विचारायचं ते खाली सांगते.

आता त्या मॅन्सन बाईंचं. त्या खऱ्या आहेत, डॉक्टर जोअ‍ॅन मॅन्सन, बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये काम करतात, हार्वर्डला प्रोफेसर आहेत. हार्मोन आणि व्हिटॅमिन यांचा माणसाच्या हृदयावर, हाडांवर, कॅन्सरवर काय परिणाम होतो हे शोधण्यात त्यांची सगळी हयात गेलीय. म्हणजे व्हिडिओतलं नाव खरं आहे, पण त्यांच्या तोंडात घातलेलं वाक्य त्यांचं नाही, त्यांच्या कामातून निघालं ते जवळपास उलटं आहे, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला, कारण ज्या बाईनी इतकी वर्षं हेच तपासण्यात घातली की या गोळ्यांनी खरंच काही होतं का, तिचंच नाव पुढं करून तुझ्या उचलीतले पैसे काढून घेतलेत.

त्यांनी तपासलं कसं ते सांगते, कारण हे कळलं की पुढच्या वेळी कुणी कुठलाही डबा घेऊन आलं तरी तू त्याला प्रश्न विचारू शकशील. आपल्याकडे एखाद्याच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याचा ऊसही जोमात असतो, पण म्हणून कुणी म्हणलं की दारात ट्रॅक्टर उभा केला की ऊस वाढतो, तर तू हसशील, कारण तुला माहितीय त्याच्या विहिरीला पाणी आहे, पाण्यामुळं ऊस आहे आणि उसाच्या पैशातून ट्रॅक्टर आलाय. व्हिटॅमिन डीचं कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. ज्यांच्या रक्तात डी जास्त त्यांच्यात काही कॅन्सर कमी दिसायचे, म्हणून सगळे म्हणायला लागले डी खा, पण ज्यांच्या रक्तात डी जास्त ते लोक बऱ्याचदा बाहेर फिरणारे, अंगानं हलके, मुळात तब्येतीनं धड असतात, मग कॅन्सर कमी झाला तो डीनं का बाकी कशानं? याचा निकाल लावायला एका वावराचे दोन पट्टे करावे लागतात, बी तेच, पाणी तेच, एका पट्ट्यात खत टाकायचं आणि दुसऱ्यात नाही टाकायचं.

मॅन्सन बाईंनी माणसांवर हेच केलं. २५,८७१ लोक घेतले, पुरुष पन्नाशीचे नि पुढचे, बायका पंचावन्नच्या नि पुढच्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, अर्ध्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कुठली मिळतीय हे ना खाणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला. याच अभ्यासात माशाच्या तेलाची पण अशीच परीक्षा घेतली. पाच वर्षांच्या थोडं वर लोकांवर नजर ठेवली आणि नोव्हेंबर २०१८मध्ये निकाल आला. डी घेणाऱ्यांत ७९३ जणांना कॅन्सर झाला आणि नुसती गोळी खाणाऱ्यांत ८२४ जणांना. इतक्या हजारांत एवढासा फरक म्हणजे फरक नाहीच. माशाच्या तेलानं पण कॅन्सर टळला नाही.

पूर्ण खरं सांगायचं तर त्यात एक आशेची जागा होती, कॅन्सरनं मरणारे डीच्या बाजूला १५४ होते आणि दुसऱ्या बाजूला १८७, पण हा फरक सुद्धा हिशोबात पक्का बसला नाही. सुरुवातीची दोन वर्षं वगळून मोजलं तर जास्त दिसतो, म्हणून त्यावर अजून काम चालू आहे. पुढं २०२२ला असंही दिसलं की आपलंच शरीर आपल्यावर उलटतं ते आजार, संधिवातासारखे, डी घेणाऱ्यांत २२ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे डी अगदीच फुकट आहे असं मी म्हणत नाही, पण "डी घेतलं की कॅन्सर होतच नाही" हे वाक्य यातल्या कुठल्याच आकड्यातून निघत नाही.

तुझ्या बाबतीत डीचा विचार कॅन्सरसाठी नाही, हाडांसाठी करायचा. अंडाशय ३३व्या वर्षी गेले म्हणजे हाडांना जपणारं अंडाशयातलं हार्मोन, इस्ट्रोजेन, तेव्हापासून तुटलंय, नऊ वर्षं झाली, त्यात उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या. म्हणून डॉक्टरना सांगून डी एकदा तपासून घे, कमी निघालं तर ते औषध देतील, आपल्याकडे बहुतेक साठ हजार युनिटची पुडी देतात आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे. ती रोज खायची नसते! माझ्यासमोर एक बाई आली होती, लवकर बरं वाटावं म्हणून तिनं महिनाभर रोज पुडी घेतली, रक्तात कॅल्शियम इतकं चढलं की उलट्या थांबेनात, गुंगीत बोलत होती. आणि तुझ्या डब्यातल्या पाच-सहा बाटल्यांत मिळून रोज डी नि कॅल्शियम किती जातंय हे कुणीच मोजलेलं नसणार. मॅन्सन बाई ज्यात होत्या त्या आणखी एका मोठ्या अभ्यासात ३६,२८२ बायकांना कॅल्शियम आणि थोडं डी दिलं, त्यात आतड्याचा कॅन्सर कमी झाला नाही, मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. कॅल्शियमसाठी घरातलंच बघ, तिळाची चटणी, दूध-दही, आठवड्यातून दोन-चारदा पालेभाजी. ४,२०० रुपयात तर महिनाभर सगळ्या घराला दूध होतं.

मालकांचा डबा आधी बंद का, ते आता सांगते, आणि हे त्यांना स्वतः वाचून दाखव. त्या बाटल्यांपैकी एकीवर बीटा कॅरोटीन लिहिलंय का बघ, गाजरातला रंग तोच, शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं. गाजर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं की याची गोळी करून बिडी-सिगारेटवाल्यांना दिली तर वाचतील. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर करून बघितलं आणि १९९४ला निकाल आला तेव्हा सगळे हादरले, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतही तसाच एक अभ्यास चालू होता, १८,३१४ लोकांचा, सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढलेले आणि अ‍ॅसबेस्टॉसमध्ये काम केलेले, तिथं २८ टक्के जास्त दिसला म्हणून १९९६ला तो वेळेआधीच बंद करावा लागला. व्हिटॅमिन ईचं पण तसंच झालं, ३५,५३३ पुरुषांना देऊन बघितलं प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, आणि २०११ला कळलं की नुसतं ई घेणाऱ्यांत तो १७ टक्के वाढलाय. गाजर खाल्लं तर काही होत नाही, खुशाल खावं, पण गोळीतून रोज भरमसाट गेलं की बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात ते उलटं पडतं. मालकांना कॅन्सरपासून लांब ठेवायचं असेल तर बिडी सुटण्याएवढं ताकदीचं कुठल्याच बाटलीत काही नाही, आणि तू मिश्री लावत असशील तर (पत्रात लिहिलं नाहीस पण कोयत्यावर जाणाऱ्या बायांना मी ओळखते) ती पण सोड. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखूच, तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे एवढा का आहे त्याचं उत्तर तिथं आहे.

आता हार्मोन. जाऊबाई खोटं बोलत नाहीत, त्यांनी अर्धं ऐकलंय एवढंच. अमेरिकेत १९९१पासून बायकांच्या आरोग्याचा फार मोठा अभ्यास सुरू झाला, दीड लाखाच्या वर बायका, ५० ते ७९ वयाच्या, आणि मॅन्सन बाई त्याच्या मुख्य संशोधकांपैकी. त्यात पिशवी असलेल्या १६,६०८ बायकांच्यात अर्ध्यांना दोन हार्मोन एकत्र दिले, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. २००२च्या जुलैमध्ये तो भाग मधेच थांबवला, कारण छातीचा कॅन्सर वाढलेला दिसला. किती वाढलेला? वर्षाला १०,००० बायकांमागे ३०च्या जागी ३८. आठ जास्त. हा धोका खरा आहे, हलका समजू नये, पण जगभर बातमी अशी पसरली की हार्मोन घेतलं की कॅन्सर, आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही, आणि तू त्या दुसऱ्या भागातली आहेस. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या, त्यांच्यात गोळी दिली ती नुसत्या इस्ट्रोजेनची, प्रोजेस्टिन नाही, कारण प्रोजेस्टिन देतात ते पिशवीच्या अस्तराला कॅन्सरपासून वाचवायला आणि पिशवीच नसेल तर त्याची गरज नसते. हा भाग पण २००४ला थांबवला, कारण लकव्याचा धोका वाढला, वर्षाला १०,००० मागे १२ जास्त. पण छातीचा कॅन्सर? तो वाढला नाही, उलट कमी झाला. वीस वर्षांनंतरचा हिशोब २०२०ला आला त्यात इस्ट्रोजेन घेतलेल्यांत छातीचा कॅन्सर २२ टक्के कमी आणि त्यानं मरण येण्याचं प्रमाण ४० टक्के कमी. मी स्वतः हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं, कारण आम्हीसुद्धा वॉर्डात वर्षानुवर्षं बायांना उलटंच सांगत होतो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक, त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा-पंधरा वर्षं झालेली. तू ४२ची. तुझ्या वयात अंडाशय नसणं ही मुळात निसर्गाची गोष्टच नाही, इतक्या लवकर इस्ट्रोजेन तुटलं तर हाडं आणि हृदय दोन्हीला त्रास होतो, म्हणून अशा बाईला दुसरी काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत, म्हणजे पाळी आपोआप गेली असती त्या वयापर्यंत, हार्मोन द्यावं असंच डॉक्टर लोकांचे नियम सांगतात. खुद्द मॅन्सन बाईंनी २०१६मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरबरोबर लेख लिहून हेच म्हणलं की साठीतल्या बायकांवरचे निकाल तरुण, त्रासात असलेल्या बायकांना लावून त्यांचं औषध तोडलं जातंय आणि ते थांबलं पाहिजे. मात्र त्या हेही सांगतात की कॅन्सर किंवा हार्टअटॅक टाळायचा म्हणून हार्मोन घेऊ नका, त्रास आहे म्हणून घ्या, तपासून घ्या. आणि जाऊबाईंची पिशवी जाग्यावर असेल तर त्यांनी कधी तुझी गोळी खायची नाही, त्यांच्यासाठी नुसतं इस्ट्रोजेन घातक आहे.

लातूरला जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, आणि पिशवी काढल्यावर तिचा तुकडा तपासायला पाठवला असेल तर तो रिपोर्ट. नसेल तुझ्याकडे तर जिथं ऑपरेशन झालं तिथं जाऊन माग, तुझा हक्क आहे, पोरीला सोबत नेऊ नकोस, मालकांना ने. कार्डावरून दोन गोष्टी कळतील, अंडाशय दोन्ही काढलेत का एक, आणि पिशवीचं तोंड काढलंय का ठेवलंय. तोंड ठेवलेलं असेल तर त्याच्या कॅन्सरची तपासणी तुलाही करावी लागेल. डॉक्टर बाईंना मावशीचं सांग, तिचं वय सांग, घरात आणखी कुणाला छातीचा किंवा अंडाशयाचा झालाय का ते आठवून सांग. एकट्या मावशीला ६२व्या वर्षी झाला म्हणजे तुला होणारच असं बिलकुल नाही. बीपी मोजून घे, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ झाली होती का, अर्धशिशी आहे का हे त्या विचारतील, नाही विचारलं तर तूच सांग. आणि गोळीऐवजी कातडीला लावायचं जेल मिळतं, त्यानं रक्ताच्या गाठीचा धोका कमी राहतो, ते मला चालेल का असं विचार. गोळी चालू केलीस तरी छाती दवाखान्यात वरचेवर तपासून घ्यायची, आणि हाताला गाठ लागली तर सीझन संपेपर्यंत थांबायचं नाही, मुकादम काही म्हणू दे.

पिशवीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी २०१९ला झाली त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातली तू एक. अंगावर पांढरं जाणं हे बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं कधी कधी. पाचटात राहायचं, पाणी नाही, संडास नाही, पाळीत सुद्धा सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर खाडा, मग इन्फेक्शन होणार नाही तर काय होईल. त्याला कॅन्सरचं नाव देऊन तुझी पिशवी काढली आणि आता त्याच नावानं तुला डबा विकला. तू अडाणी होतीस म्हणून हे झालं नाही, तू घाबरलेली होतीस आणि समोरच्याला ते माहीत होतं.

आणि ज्या कॅन्सरची भीती घातली, पिशवीच्या तोंडाच्या, तो कसा टाळायचा हे तर तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय! १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर हा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरची संस्था यांनी मिळून केला. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. ज्या गावांत या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली आणि ज्यांच्यात काही सापडलं त्यांच्यावर उपचार केले, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, आणि जिथं तपासणी केली नाही तिथं ६४. जवळपास निम्मं. ज्या गावांना तपासणी मिळाली नाही तिथल्या बायांचं काय, हा प्रश्न नंतर बऱ्याच लोकांनी विचारला आणि तो विचारायलाच पाहिजे होता, त्या ६४ आपल्याच लेकीबाळी होत्या. पण त्या हजारो बायांनी जे शिकवलं ते आज जगभर वापरतात, आणि आपल्याच बायांना ते माहीत नाही याची मला फार खंत आहे.

म्हणून जाऊबाईंना सांग, तिशी उलटली की एचपीव्हीची तपासणी करून घ्यायची, दवाखान्यात पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, तेवढं लांब नको असेल तर आधी तुमच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, आशाताईला माहीत असतं कुठल्या दिवशी तपासणी असते. आणि पोरगी १३ची आहे ना, तिला या विषाणूची लस द्यायचं हेच वय. ९ ते १४मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं, आपल्या पुण्यात बनलेली लस २०२३पासून आहे. सरकारी दवाखान्यात मिळतीय का ते आधी विचार. कॅन्सर होऊच नये म्हणून एखादी गोष्ट विकत घ्यायचीच असेल तर ही एक आहे जिच्यावर मी स्वतः उसने पैसे काढून खर्च करायला सांगेन. पुढं कधी तिला पांढरं जाण्याचा त्रास झाला आणि कुणी पिशवी काढा म्हणलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेव, तू सांगितलेलं ती ऐकेल.

भाच्यावर चिडू नकोस, त्यालाही कुणीतरी हेच सांगून साखळीत ओढलं असणार. फक्त त्याला हे सगळं वाचायला दे, आणि न उघडलेल्या बाटल्या असतील तर कंपनीला परत करून पैसे माग म्हणावं.

डिस्चार्ज कार्ड सापडलं की त्यावर काय लिहिलंय ते मला कळव, वाचता नाही आलं तर पोरीकडून जसंच्या तसं उतरवून घे, अक्षर न् अक्षर.

तुझी,
अक्का